कानाने लावलेला अ‍ॅम्प

"तिसऱ्यांदा!" ड्रायव्हर सेन्झोने टॅक्सीचं मागचं दार आपटलं. "एका आठवड्यात तिसऱ्यांदा, बाबा. चर्चच्या चढावर आलो की अ‍ॅम्प गप. वर कणीस ठेवलं तर भाजून निघेल, इतका तापलेला."

"मग तिथूनच फोन करायचा."

"चार वेळा केला."

भेकानीने खिशातून फोन काढला. चार कॉल चुकले होते. रिंग पुन्हा बिघडली होती. आजकालचे फोन म्हणजे नुसती खेळणी.

उमलाझीच्या टॅक्सी रँकवर, म्हणजे टॅक्सींच्या थांब्यावर, बावीस वर्षं तो पत्र्याच्या शेडखाली गाड्यांमध्ये वूफर आणि अ‍ॅम्प्लिफायर बसवत होता. इथल्या पोरांना टॅक्सीत आधी बास लागायचा, मग सीट. मुकी टॅक्सी पुढे उभी असली तरी पोरं मागच्या वाजणाऱ्या टॅक्सीसाठी थांबायची.

"टॅक्सीची मालकीण म्हणते, आज तापला तर गाडी शहरातल्या दुकानात न्यायची," सेन्झो म्हणाला. "त्यांच्याकडे पडद्यावर आवाजाची रेघ दिसते म्हणे."

"कान चालत नाहीत त्यांना पडदे लागतात."

तो बोलला खरा, पण नजर रांगेतल्या गाड्यांवरून फिरली. एक गाडी गेली की रँकवरच्या सगळ्या गाड्या तिच्या मागे जाणार. मग या शेडखाली बसून त्याने करायचं काय?

त्याने सीट उचकटली. वूफर दोन, दोन-दोन ओमचे. पॅरलल जोडले की भार एक ओमवर येतो आणि हा अ‍ॅम्प दोनच्या खाली सोसत नाही. पहिल्या दिवशीच त्याने ते सिरीजमध्ये घेतले होते. मीटर लावला. चारच्या आसपास. बरोबर. अर्थिंग तपासलं. बोल्टखालचा रंग त्याने स्वतः खरवडला होता, पत्रा अजून चकाकत होता. वायर अंगठ्याएवढी जाड. अ‍ॅम्पखाली लाकडाच्या पट्ट्या ठेवून चारी बाजूंनी वारा मोकळा केलेला.

"वायरिंगमध्ये खोट नाही," तो म्हणाला.

"मग खोट कुठे आहे? माझ्यात?"

"तुझ्यात तर आहेच."

शेजारच्या हातगाडीवरून मागुमेडेने हाक मारली. बाई तिथे चहा आणि तळलेले गोळे विकायची. आज तिने गॅसवर नवी किटली चढवली होती, पाणी उकळलं की शिट्टी वाजणारी. "भेकानी, मी पीठ घेऊन येते. किटली वाजली की उतरव हं."

"उतरवतो, मा."

आता उरला गेन, आवाज किती चढवायचा ते ठरवणारं बटण; ते जास्त झालं की आवाज फाटतो आणि अ‍ॅम्प तापतो. रँकवर तो लावायची एकच रीत होती. ओळखीचं गाणं लावायचं, बटण वाढवत न्यायचं, आवाज फाटायला लागला की केसभर मागे घ्यायचं आणि तिथेच सोडायचं. भेकानीने गाणं लावलं आणि डोळे मिटले. बटण फिरत गेलं. आणखी. आणखी थोडं. आता कुठे फाटला. त्याने केसभर मागे घेतलं.

सेन्झो दारातून काहीतरी पुटपुटला. हल्लीची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात.

"मोठ्याने बोल!"

"म्हटलं, खरखर येतेय!" सेन्झो ओरडला. "कॉलेजच्या मुलीसुद्धा तेच म्हणतात!"

"त्या मुलींचं वय किती? मी बास बसवायला लागलो तेव्हा त्यांच्या आयांची लग्नं व्हायची होती."

दहा मिनिटं गाणं वाजलं. भेकानीने अ‍ॅम्पवर तळवा ठेवला आणि झटकन मागे घेतला. शिवी हासडून त्याने गाणं बंद केलं. स्क्रूड्रायव्हर शेडच्या पत्र्यावर भिरकावला.

सिरीज बरोबर. अर्थिंग बरोबर. वायर बरोबर. वारा मोकळा. सगळं बरोबर असताना हा लोखंडाचा तुकडा कुणाच्या नावाने तापतोय?

तो हातगाडीजवळच्या स्टुलावर बसला आणि डोकं हातांत धरलं. गाणं थांबल्यावर रँकवर कशी शांतता पसरली होती. बरं वाटलं. डोकं जरा चालायला लागलं. पुन्हा पहिल्यापासून बघू, त्याने ठरवलं. एकेक जोड सोडवून.

त्याने मान वर केली. रांगेतली माणसं त्याच्याकडे बघत होती. दोन बायकांनी कानांवर हात ठेवले होते. हाताच्या अंतरावर किटलीच्या चोचीतून वाफेचा सरळ झोत उडत होता. पलीकडून मागुमेडे पिठाची पिशवी छातीशी धरून धावत येत होती आणि धावता धावता किटलीकडे हात करत होती.

सेन्झोने किटलीकडे पाहिलं. मग भेकानीकडे. मग त्याची नजर हळूहळू अ‍ॅम्पच्या त्या बटणावर जाऊन थांबली.

"धावतेस कशाला, मा?" भेकानी म्हणाला. "अजून वाजली नाही."