झाकलेली टोपली

हे वारले त्याला पाच महिने झाले. मी रांधते, जेवते, निजते. पण माझ्या आत कुणीच नसतं. आज हंगामाचा सण. शेतातलं पहिलं पीक वेदीपुढं ठेवायची आमच्या चर्चची रीत. दरवर्षीसारखी टोपली फडक्यानं झाकली, डोक्यावर घेतली आणि जानेफळच्या पांदणवाटेच्या धुक्यातून चर्चला आले. पाळकसाहेबांनी एकेक फडकं उचललं. कापूस, तुरीच्या शेंगा, भोपळे दिसले. माझ्या टोपलीत काहीच नव्हतं. भरायचीच राहिली होती आणि वाटभर डोक्याला ते कळलंही नव्हतं. “चुकलं, साहेब. रिकामीच आणली म्या. नेते परत.” “काऊन नेता, बाई? देवाले रिकामी बी चालते.” त्यांनी टोपली पुन्हा झाकली, भरलेल्या टोपल्यांच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून डोळे मिटले. “प्रभू, हे बी पदरात घे.” पाच महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या आतून कुणीतरी “आमेन” म्हणालं.