मिसळलेला लॉट

"ह्या सगळ्या एका लॉटच्या आहेत का गं?" सरला मावशीने विचारलं.

अमेरिकेत हर्नडनला भाचीकडे येऊन तिला तीन आठवडे झाले होते, पण गराजमध्ये पाऊल टाकलं ते आजच. बंदुकीची धास्ती, दुसरं काय. अनिका मात्र तिथेच रमायची. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या साफ करायच्या, प्रेसमध्ये दाबून मापात आणायच्या, नवी दारू भरायची, वर गोळी बसवायची. उद्या राज्याच्या नेमबाजी संघाची निवड होती. याआधी दोनदा ती थोडक्यात हुकली होती.

"लॉट? It's just brass, मावशी. दारू मी एकदम परफेक्ट वजन करते. तरी हे बघ ना." अनिकाने कालचा टार्गेटचा कागद पुढे केला. भोकं एकाखाली एक, वीतभर लांब पसरलेली. "रायफल चेक केली, सगळं चेक केलं. प्रॉब्लेम मीच आहे, यार."

चिंचवडच्या कारखान्यात मावशीने एकतीस वर्षं तपासणी खात्यात काढली होती. तिने बादलीतून मूठभर पुंगळ्या उचलल्या, उजेडाकडे धरल्या. बुडावरचे शिक्के तीन तऱ्हेचे.

"डोळे मीट. मी देते त्या पुंगळ्यांत नुसती गोळी बसव. दारू नको."

अनिकाने डोळे मिटून प्रेसचा दांडा ओढला. एक झाली. दोन झाल्या. तिसरीला दांडा अडला. चौथी लोण्यात सुरी जावी तशी गेली. तिने डोळे उघडले.

"हाताला कळलं ना? प्रत्येक बार उडाला की पुंगळी फुगते, तू दाबून तिला परत बारीक करतेस. पितळ दर खेपेला कडक होत जातं. मग एक पुंगळी गोळीला आवळून धरते, दुसरी ढिली सोडते. म्हणून एक गोळी जोरात सुटते, दुसरी हळू, आणि भोकं वरखाली पडतात. दारू सारखी असून उपयोग काय? दोनदा वापरलेली आणि आठदा वापरलेली तू एकाच बादलीत टाकलीस."

"पण उद्याची ऐंशी भरून झालीत! दोन आठवडे घालवले मी त्यांच्यात."

"ती बाजूला ठेव."

"मावशी, निवड उद्या आहे."

"म्हणूनच सांगतेय. भरलेला ट्रक गेटवर थांबवलाय मी, मॅनेजर हात जोडत होता तरी."

अनिकाने ऐंशीचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला.

दोघी खाली बसल्या. आधी शिक्के वेगळे केले, मग लांबी मोजली, मग प्रेसचा दांडा ओढून हातानं अंदाज घेतला. दुपारपर्यंत एका जातीच्या, हाताला सारख्या लागणाऱ्या सत्तर पुंगळ्या निघाल्या. स्पर्धेला साठ लागणार, सुरुवातीच्या सरावाला दहा.

"म्हणजे आज टेस्ट करायला एकही नाही. That's crazy."

"दारू तीच, गोळी तीच, आता पुंगळीही सारखी. सारखं केलंस तर सारखंच वागेल. भर."

दुसऱ्या दिवशी मावशी रेंजवर गेली. कानांवर जाडजूड मफ चढवून, रायफलीकडे न बघता, ती पडद्यावरच नजर लावून बसली. गोळी लागली की तिथे ठिपका उमटायचा. दहा झाल्या, तीस झाल्या, पन्नास झाल्या. ठिपके एका आडव्या रेषेत दाटीवाटीने बसत गेले. वरखाली एकही नाही. मावशी मान डोलवत होती.

एकोणसाठावा ठिपका मात्र त्याच उंचीवर, पण लांब डावीकडे पडला. मावशीची मान डोलायची थांबली. अनिकाने वारा दाखवणाऱ्या झेंड्याकडे पाहिलं, रायफलीवरच्या दुर्बिणीची कळ जराशी फिरवली आणि साठावा बार काढला. अगदी मधोमध.

संघातली चौथी, शेवटची जागा तिला मिळाली. हात मिळवताना प्रशिक्षकाने विचारलं, "What happened on fifty-nine?"

"Wind. I misread it," अनिका म्हणाली. मग मावशीकडे वळली. अनिकाचा चेहरा फुलला होता.

"ती चूक माझी होती, मावशी. फक्त माझी."