काशिनाथची कळशी

"विहिरी गं वेगळाल्या, झरा पोटात एकला,
शेजीनं पानी शेंदलं, माझा कळस भरला."

सासू पाणी शेंदताना ही ओवी म्हणायची. ती जाऊन कितीतरी पावसाळे लोटले. तरी आज देवळासमोरच्या मांडवात रुक्मिणीच्या कानात तोच आवाज होता. आवाज दोरासारखा खाली उतरत होता आणि तिच्या पोटातला राग वर चढत होता.

मांडव पर्यावरण दिनाचा. उन्नतीनं आणि तिच्या मंडळातल्या पोरांनी बेत आखला होता. उमेळ्यातल्या घराघरानं आपापल्या विहिरीचं पाणी आणायचं, सगळ्यांनी सगळ्यांचं चाखायचं आणि मग टँकरला पाणी द्यायचं की नाही, ते गावानं ठरवायचं. भाषणं नकोत, जीभच सांगेल, असं उन्नती म्हणाली होती.

आणि जीभ सांगत होती. खाडीच्या अंगाच्या विहिरींचा एकेक हंडा मचूळ निघत होता. माणसं चूळ भरून थुंकत होती.

"यात डाळ शिजत नाय," म्हातारे रामनाथ म्हणाले. "काशिनाथची मोटर लागली, तेव्हापासून."

काशिनाथ याचीच वाट पाहत होता. गावात टँकर भरायला पहिली मोटर त्यानं बसवली होती. पांढरा झब्बा घालून, खांद्यावर पितळी कळशी घेऊन तो आला होता. कळशी त्यानं उन्नतीच्या टेबलावर ठेवली.

"मोटर कुणाच्या विहिरीवर? माझ्या. उपसा कुणाचा? माझा. मग सगळ्यांत खारं पाणी कुणाचं हवं?" त्यानं पेला भरून रामनाथांच्या हातात दिला. "घ्या. चाखा माझं."

रामनाथांनी घोट घेतला. तोंड फिरवून पुन्हा घेतला.

"गोड आहे," ते पडेल आवाजात म्हणाले.

पेला हातोहात फिरला. ज्यानं त्यानं मान डोलावली. गोडच होतं. शहाळ्यासारखं.

"मग तुझ्या केळी का जळाल्या रे?" मागून कुणीतरी विचारलं.

"रोग पडला. केळीवर रोग पडत नाय? माझं पाणी सातिवलीच्या बांधकामांवर जातं. आजवर एक तक्रार नाय."

"विटेला काय चव कळते?" कुणीतरी पुटपुटलं. पण हसलं कुणी नाही.

उन्नतीचा चेहरा लाल झाला होता. "काका, जमिनीखालचं पाणी एकच असतं. तुम्ही उपसता, म्हणून खाडी आत येते."

"पोरी, विहीर पुस्तकात वाचून कळत नाय. माझ्या आईची विहीर आहे ती. तिला मी ओळखतो." काशिनाथनं बायकांच्या घोळक्याकडे पाहिलं. "फ्लॉसी, तूपण ये. चर्चमागच्या विहिरीचा फार तोरा तुला. चाख."

फ्लॉसी पुढे आली. तिनं डोळे मिटून घोट घेतला. डोळे उघडले तेव्हा ते रुक्मिणीवर होते.

"गोड आहे, काशिनाथभाऊ. अगदी माझ्या विहिरीसारखं."

"सारखं नाय. जास्त."

"असेल," फ्लॉसी म्हणाली. पेला तिनं एवढ्या जोरात ठेवला की टेबल हललं.

तेवढ्यात जयवंत उठला. त्याच्या वाडीतली विहीर अजून नितळ होती. गेला महिनाभर टँकरवाला त्याच्या दारात येत होता आणि तो त्याला परत पाठवत होता.

"मग आपणच कशाला सोवळं पाळायचं? काशिनाथच्या विहिरीला काय झालं नाय. माझ्या विहिरीवरपण मोटर लागू दे."

"माझ्यापण," कुणी म्हणालं. "आमच्यापण."

"हात वर करा," काशिनाथ म्हणाला. "पोरांच्या कार्यक्रमातच ठरून जाऊ दे."

हात वर होऊ लागले. काल मुलांसोबत रस्त्याकडेला झाडं लावणारे हात होते ते. उन्नतीनं तोंड फिरवलं. रुक्मिणीनं त्या हातांकडे पाहिलं आणि तिला वाटलं, एकेक हात एकेका विहिरीचा गळा धरतोय.

ती घोळक्यातून बाहेर आली. पदर सावरला नाही.

"अहो, ही कळशी कुठून भरलीत?"

काशिनाथ हसला. "घरातल्या माठातून. आणखी कुठून?"

"आणि माठात पाणी कुठून येतं?"

"आता हे मी सांगू? घर मी चालवतो की तू?" त्यानं माणसांकडे पाहून डोळा मिचकावला. पाचसहा जण खिदळले.

रुक्मिणी हसली नाही.

"पहिल्यांदा मी म्हटलं, पाणी खारट लागतंय, तेव्हा तुम्ही तांब्या अंगणात भिरकावलात. म्हणालात, माझ्या आईच्या विहिरीला नावं ठेवलीस तर माहेरी धाडीन. मी गप्प बसले. अंघोळीच्या साबणाला फेस येईना, तुम्ही साबण बदललात. केळी करपल्या, तुम्ही औषध मारलंत. मी गप्प बसले. उजाडायच्या आत फ्लॉसीच्या विहिरीवर जायचं, माठ भरायचा आणि तुम्हाला तांब्या द्यायचा. दोन वर्षं तुम्ही तेच पिताय. आता सगळं गाव प्यायलं, तेही तेच."

वर गेलेले हात तसेच अधांतरी राहिले. काशिनाथनं कळशीकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"आणि आपली विहीर?" त्यानं विचारलं. लहान पोरानं विचारावं तसं.

"गावात सगळ्यांत आधी तीच मेली."