सहवेदना स्पर्धा, लहान गट

"काका, मला तुमचं दुःख समजतं," असं म्हणून सिद्धार्थने मधुसूदनरावांच्या खांद्यावर हात ठेवला, मनातल्या मनात तीन आकडे मोजले, हात काढला आणि परीक्षकांना वाकून नमस्कार केला. टाळ्या पडल्या. त्याची आई नीलम उभी राहून व्हिडिओ काढत होती.

मधुसूदनराव स्टेजवरच्या खुर्चीत होते. खुर्चीच्या पाठीला कागद चिकटवला होता : 'दुःखी व्यक्ती'.

चेन्नईच्या टी. नगरमधल्या या हॉलमध्ये मराठी मंडळाची मुलांसाठी दरवर्षी श्लोक-पाठांतराची स्पर्धा व्हायची. यंदा कमिटीतल्या आयांनी ठरवलं, की मुलांना पुढे आयुष्यात श्लोक लागणार नाहीत, सहवेदना लागेल. शाळेत हल्ली तिला मार्क असतात. मग मजकूर लिहिला, पाठ करून घेतला, हावभाव बसवले. दुःखी माणूस तेवढा राहिला होता. कमिटीच्या विद्युलताने फोन केला. "काका, काकूंना जाऊन दोनच महिने झाले ना? म्हणजे तुम्हाला वेगळी तयारी लागायची नाही."

मधुसूदनराव लगेच हो म्हणाले. तेराव्यानंतर घराकडे कुणी फिरकलं नव्हतं. कल्पनाचं नाव मोठ्याने घ्यावं, तर समोर भिंत. इथे निदान हॉलभर माणसं तिच्याच निमित्ताने जमणार होती. इस्त्रीचा शर्ट घालून ते आले, तेव्हा कळलं की दुःखी व्यक्तीने बोलायचं नाही. वेळ जातो.

सिद्धार्थनंतर आणखी चौघांना त्यांचं दुःख समजलं. मग पेरुंगुडीची सहाना आली. वय वर्षं आठ.

"काका, मला तुमचं..." म्हणाली आणि अडकली. पहिल्या रांगेतून तिची आई ऋचा ओठ हलवून 'दुःख, दुःख' असं पुरवत होती. पण खाली साड्यांच्या दुकानात आडी या तमिळ महिन्याचा सेल लागला होता आणि भोंगा तमिळमध्ये सूट ओरडत होता. दुःख वाटेतच राहिलं.

"मी विसरली," सहाना म्हणाली. मग दोन्ही हात खुर्चीच्या दांडीवर ठेवून तिने विचारलं, "काकू तुमच्याशी फाइट करायच्या?"

मधुसूदनरावांनी एकदा कमिटीकडे पाहिलं. "रोज," ते म्हणाले.

"कशावरून?"

"पंख्यावरून. मला पाचवर लागायचा, तिला दोनवर. चेन्नईत, दोनवर! मी म्हणायचो, बाई गं, हा पंखा आहे की देखावा?"

सहाना खुदकन हसली. "आता किती वर असतो?"

"दोनवर," मधुसूदनराव म्हणाले, आणि त्यांना रडू आलं. शोभेचं नव्हे; नाक वाहणारं. त्यांचा चष्मा घसरत होता, तो पडू नये म्हणून सहानाने धरून ठेवला.

घंटा वाजली.

परीक्षक जनकोजीराव तंजावरकडचे. त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी तिकडे गेले आणि जाताना नेलेली मराठी घरात अजून तीच वापरतात. "अय्यो, पाप्पा," ते सहानाकडे पाहून हळहळले, "प्रश्न पुसूं नये. सांगावें." आणि शून्य दिलं.

तेवढ्यात नीलम उठली. "माझं ऑब्जेक्शन आहे. आमच्या सिद्धार्थच्या वेळी हे रडले नव्हते."

हॉलमध्ये कुजबुज झाली. मुद्दा बिनतोड होता.

"त्याने एका शब्दाची चूक केली नाही. पण समोरचा माणूस ढिम्म! मग परिणाम दिसणार कसा?"

"आमच्या वेळी तर यांनी जांभई दिली," मागून आणखी एक आई म्हणाली. तेही खरं होतं.

कमिटीने कोपऱ्यात जाऊन चर्चा केली. निर्णय असा झाला, की सर्व स्पर्धकांना समान दुःख मिळालं पाहिजे. सहाना बाद. आधीच्या सगळ्यांना पुन्हा संधी.

ऋचा सहानाला दंडाला धरून स्टेजवरून उतरवत होती. "पाठ केलेलं सोडून चौकशा कसल्या करतेस गं? लोकांच्या घरातलं विचारायचं नसतं, कितीदा सांगितलं?"

"पण आई, ते सांगत होते..."

"गप्प. काकांना सॉरी म्हण."

"सॉरी, काका," सहाना खालून म्हणाली.

"आणि काका, तुम्हीसुद्धा!" ऋचा वळली. "ती लहान आहे. तुम्ही कशाला उत्तरं देत बसलात?"

मधुसूदनरावांनीही सॉरी म्हटलं.

विद्युलता पाण्याचा ग्लास घेऊन आली. "दमला नाहीत ना, काका? आता सिद्धार्थपासून पुन्हा घेऊ. फक्त मघासारखंच रडायचं हं, सगळ्यांना सारखं. कमीजास्त झालं तर इथे मारामाऱ्या होतील."

मधुसूदनरावांनी चष्मा पुसला. थोडा विचार केला. "जमेल," ते म्हणाले. "पण आधी कुणीतरी काहीतरी विचारायला हवं. काहीही चालेल. तिला काय आवडायचं, असलं काही."

विद्युलताने नियमावली उघडली. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, अगदी मनापासून.

"नाही हो, काका," ती म्हणाली. "प्रश्न बसत नाहीत. तुम्ही आपलं तसंच रडा."