तिसरी क्वाद्रा

"उद्या दुपारी तिसऱ्या क्वाद्रेतून नेणार आहेत. म्हाताऱ्याला काही पत्ताच नाही," नेलिदा फोनवर बहिणीला सांगत होती.

दाराआड एलादिओ जागच्या जागी थिजला. क्वाद्रा म्हणजे तबेला. त्याचे तीन तबेले, आणि तिसऱ्यात पिंता. गाभण घोडी. बायको गेल्यावर त्याने जीव लावला होता तो तिलाच.

आणि ही नेलिदा! पेरूहून स्पेनला आलेली, सहा वर्षं त्याच्या घरात रांधणारी.

त्याने लगेच भाच्याला फोन लावला. तिनो म्हणाला, "मामा, तिला काही बोलू नका. मी येतो उद्या."

सकाळपासून एलादिओ काठी घेऊन पिंतापाशी बसून राहिला. नेलिदा कॉफी घेऊन आली.

"मालक, मला जरा बोलायचंय."

"मला नाही बोलायचं. तबेल्यात पाय ठेवायचा नाही!"

कॉफी तशीच घेऊन ती परत गेली.

दुपारी तिनो आला. सगळं ऐकून पोट धरून हसला.

"अहो मामा, तिच्या देशात क्वाद्रा म्हणजे तबेला नव्हे! दोन चौकांमधल्या रस्त्याला म्हणतात. तिसऱ्या क्वाद्रेत बहिणीचं घर असेल, तिथून कुणाची तरी गाडी उचलणार असतील. आणि तुम्ही काठी घेऊन बसलाय!"

"खरं सांगतोस?"

"विचारा कुणालाही. आता उठा, शेजारच्या गावात घेवड्याचा झकास फाबादा मिळतो. उपाशी बसून डोकं फिरलंय तुमचं."

एलादिओला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गरीब बिचारी पोर, आणि आपण तिच्यावर काठी उगारायला निघालो होतो! सफरचंदाच्या सिद्राचे पेले रिचवतानाही त्याला तेच टोचत होतं. येताना त्याने तिच्यासाठी मुद्दाम चीज घेतलं. तिनोने त्याला फाटकाशी उतरवलं आणि घाई आहे म्हणून निघून गेला.

नेलिदा धापा टाकत समोर आली. "मालक, कुठं होता? गावभर शोधलं तुम्हाला!"

"आधी माझं ऐक. चुकलो पोरी. तुमच्याकडे क्वाद्रा म्हणजे रस्ता, हे मला ठाऊकच नव्हतं. तिनोने सांगितलं."



"सहा वर्षं इथं राहते मी, मालक. मी तबेलाच म्हणाले होते. तुमचा भाचा पिंताच्या गिऱ्हाइकाशी बोलताना मी ऐकलं. तुमच्याच घरातला माणूस, सांगायचं कसं, ते बहिणीला विचारत होते. तो म्हणत होता, मामाला मी जेवायला बाहेर काढतो."