सरकलेलं हाड

हाड पुन्हा सरकलं होतं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला, उलटा करून पाहिला, मग सुलटा. फोटो फिरवून हाड जागेवर येत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं, पण माणूस गोंधळला की काहीतरी फिरवत बसतो.

"मी पहिल्याच दिवशी म्हणत होते, ऑपरेशन करून टाकू," आई म्हणाली. "ह्यालाच प्लास्टर हवं होतं."

"दहा वर्षांच्या पोरीच्या पायात सळ्या घालायच्या?" बाबा म्हणाला. "डॉक्टर, लहान मुलांची हाडं प्लास्टरमध्येही छान जुळतात, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

म्हणाले होते खरं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. चिमणी सायकलवरून पडली, नडगीचं हाड मोडलं. असे पाय त्यांनी ढिगाने बरे केले होते. हिचं मात्र बसवलं की सरकत होतं. गेल्या वेळी भूल देऊन पुन्हा बसवलं, मांडीपर्यंत नवं प्लास्टर घातलं, तरी आज तेच. वाकडं जुळलं तर पाय कायमचा वाकडा राहणार होता. काय ते आजच ठरवायला हवं होतं.

घरच्यांची हयगय म्हणावी तर तीही नव्हती. बाबा रजा टाकून घरी बसला होता. चिमणीला उचलून बाथरूममध्ये न्यायचं, तीन जिने उतरवून इथे आणायचं, सगळं तोच करायचा. हाक ऐकू यावी म्हणून हॉलमधल्या सोफ्यावर झोपायचा. स्वयंपाकघरात मात्र त्याचा आनंदीआनंद होता. चहापत्तीचा डबा कुठे, साखर कुठे, हे चिमणी पलंगावरून ओरडून सांगायची आणि खिदळायची. पाय मोडलेली इतकी हसरी मुलगी डॉक्टरांनी पाहिली नव्हती.

"मैत्रिणी येतात का? पलंगावर उड्या वगैरे?" त्यांनी विचारलं.

"मी तिचं पाऊल जमिनीला लागू दिलेलं नाही," बाबा म्हणाला.

"आणि तू भाजी आणायला जातोस तेव्हा?"

"तू लवकर घरी आलीस तर मला जावं लागणार नाही."

चिमणी आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे बघत होती. तिला या भांडणाचीही मजा वाटत असावी.

डॉक्टर वैतागले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत झाली होती. पुन्हा प्लास्टर घालावं तर ते टिकेल याचा भरवसा नाही, आणि ऑपरेशन करावं तर हे मुळात का बिघडलं तेच कळलेलं नाही. न कळता चाकू हातात घेणं त्यांना पटत नव्हतं. पायाची बोटं तपासावीत म्हणून त्यांनी लोकरी मोजा काढला. प्लास्टरची टाच पार चुरली होती.

"तुम्ही दोघं जरा बाहेर बसा," ते म्हणाले.

दार लागल्यावर त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. "घरी कोणी नसताना उभी राहत होतीस?"

चिमणीने मान हलवली.

"दुखत नव्हतं?"

"खूप दुखायचं."

"मग कशाला गं?"

ती चादरीचं टोक मुडपत राहिली. पोरीचा जीव घरात कोंडून कंटाळला असणार, असं डॉक्टरांना वाटलं आणि तिची दया आली. रागावण्यात अर्थ नव्हता.

"बरं, ऐक," ते म्हणाले. "आता ऑपरेशनच करू. उलट तुझी लवकर सुटका. प्लास्टरला लागतो त्याच्या निम्म्या वेळात पायावर उभी राहशील."

ती हसेल अशी त्यांची कल्पना होती. पण तिचे डोळे भरून आले.

"निम्म्या वेळात नको," ती म्हणाली. "आईनं बाबाला माझा पाय बरा होईपर्यंतच आमच्या घरी राहू दिलंय."