भरला डबा

पुलगावच्या मालधक्क्यावर हळूहळू सरकत येणारे मालगाडीचे रिकामे डबे नानाजी खांदा लावून थांबवत. तीन वर्षांपूर्वी तेवढ्याच वेगानं आलेला एक डबा थांबला नाही. त्यात कापसाच्या गाठी होत्या. नानाजींचा पाय गेला. "आंगातला जोर सरला," मुकादम म्हणाला आणि नानाजींनाही ते पटलं. आज मॅट्रिकच्या वर्गातून आलेल्या लेकीनं, कांतानं, वही उघडली. "बाबा, नुसता वेग पाहून चालत नाई. वजनानं गुणाले लागते. त्याले संवेग म्हणतात. भरला डबा तिप्पट जड होता. तुमच्यासारखे तिघं लागले असते. जोर कमी नव्हता तुमचा." नानाजींनी तो गुणाकार पुन्हा वाचायला लावला. ते हसतील असं कांताला वाटलं. त्यांनी कुबडी ओढली. "वही घे, चाल धक्क्यावर." "आत्ता? काऊन?" "माह्या जागी तुहा काका हाये. त्याले वाटते, त्याच्या आंगात जोर हाये."